दर रविवारी पाच मिनिटं चालू करतो, चालेल ना?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजवाल्या काकांची उत्तरं

मार्च उजाडला की पुण्यात दोन आवाज सुरू होतात. एक रसवंतीगृहाच्या घुंगरांचा आणि दुसरा माझ्या फोनचा, कारण मुलाकडे नाहीतर लेकीकडे चार-सहा महिने जाणाऱ्या लोकांची तिकिटं काढून झालेली असतात, व्हिसा झालेला असतो, मेतकूट-भाजणी बांधून झालेली असते आणि मग कुणाला तरी आठवतं की अरे, गाडीचं काय? या वेळी पत्रंपण सगळी त्याच विषयाची निघाली म्हणून सगळा अंकच उभ्या गाड्यांना देऊन टाकलाय. बर्फाच्या देशात थंडीसाठी गाडी झोपवायची रीत आहे. आपल्याकडे डिसेंबरात पारा आठ-दहावर आला तर स्वेटर आपल्याला लागतो, गाडीला काही होत नाही. आपली गाडी उभी राहते ती पावसाळ्यात, त्यामुळे आपला शत्रू ओल, उंदीर आणि शेजारी. शेजारी का ते खाली येतंय.

प्रश्न : काका, आम्ही दोघं १० मेला मुलाकडे न्यू जर्सीला चाललोय, ऑक्टोबरअखेर परत. गाडी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे, फक्त २८ हजार किलोमीटर झालीये, सोसायटीत ओपन पार्किंग आहे. शेजारचे फार चांगले आहेत, दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो म्हणालेत. अजून काय करायचं? (एक निवृत्त बँकवाले, कोथरूड)

उत्तर : साहेब, आधी त्या शेजाऱ्यांना चहाला बोलवा, आभार माना आणि हे काम करू नका म्हणून हात जोडून सांगा. गॅरेजमध्ये तीस वर्षं काढली मी, आणि "अहो दर आठवड्याला चालू करत होतो तरी बॅटरी गेली" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने अर्धं म्हटलं की उरलेलं मीच पूर्ण करतो.

तुम्ही बँकवाले, म्हणून हिशोबच मांडून दाखवतो. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, कॉम्प्युटर असं थोडं थोडं खात असतं, धरा ४० मिलिअँपिअर. म्हणजे दिवसाला साधारण एक अँपिअर-अवर आणि आठवड्याला सात. तुमच्या गाडीची बॅटरी असेल ३५ची, म्हणजे सतरा-अठरा दिवसांत खातं अर्ध्यावर. आता शेजारी येऊन पाच मिनिटं नुसती आयडलला चालवणार, त्यात जेमतेम एखादा अँपिअर-अवर परत जमा होतो, आणि त्यांनी सवयीने एसी आणि लाइट लावले तर तेवढाही नाही. सात काढले, एक भरला, सांगा किती दिवस चालेल.

आणि बॅटरीचं तरी एक वेळ ठीक, नवीन येते. खरं नुकसान सायलेन्सरमध्ये आणि इंजिनात होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जायला हवं. थंडीत सकाळी पुढच्या गाडीच्या सायलेन्सरमधून टपटप पाणी गळताना बघितलं असेल, ते हेच. गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर पळाली की सगळं तापून पाणी उडून जातं. पाच मिनिटांत काहीच तापत नाही, पाणी आतच बसतं आणि पुढच्या रविवारी त्यात भर. सायलेन्सर आतून कुजतो, ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं. मी ऑइलचं झाकण उघडून आतून कॉफीवरच्या फेसासारखा पांढुरका थर लोकांना दाखवलाय आणि ते माझ्याकडे असे बघतात की जणू तो मीच लावलाय.

तर दोनच रस्ते आहेत. एक, लायसन्सवाला विश्वासू माणूस, भाचा-पुतण्या कुणीतरी, दर पंधरा दिवसांनी सकाळी सहाला गाडी काढून पिरंगुटपर्यंत जाऊन परत येईल, वाटेत एसी लावेल, चार वेळा नीट ब्रेक मारेल. असा माणूस असेल तर बाकी फार काही करायला नको. दुसरा, असा माणूस नसेल तर गाडीला कुणीच हात लावायचा नाही, सरळ झोपवायची. मधलं काही नाही. रविवारची पाच मिनिटं हे मधलं आहे.

झोपवायची तर निघण्याआधीच्या आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या, परत आल्यावर नाही. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओल असते, सहा महिने बेअरिंगला तेच लागून कशाला ठेवायचं. मग टाकी जवळपास फुल करा. लोक उलटं करतात, पेट्रोल वाया जाईल म्हणून रिझर्व्हवर ठेवून जातात. टाकी रिकामी म्हणजे आत हवा, हवेत पावसाळ्याची ओल, आणि आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉल ओल ओढून घेतं. टाकी भरलेली असली की हवेला जागाच राहत नाही. सहा महिने हे पेट्रोल चालून जातं, आल्यावर थोडं संपवून वर ताजं भरायचं.

हवा ३८-४०ची भरून ठेवा, नेहमीपेक्षा सहा-सात जास्त. उभी राहून हवा उतरतेच आणि टायर एकाच जागी दबून चपटा होतो, मग गाडी चालवताना धडधड लागते. शेजाऱ्यांना काहीतरी करायचंच असेल ना, तर हे काम द्या. टायरच्या तळाशी खडूची खूण करून जा आणि महिन्यातून एकदा दोघा-तिघांनी गाडी न्यूट्रलला टाकून अर्धं चाक पुढे ढकलायची, पुढच्या वेळी मागे. किल्ली फक्त स्टिअरिंगचं लॉक सोडवायला पहिल्या खाचेपर्यंत फिरवायची, चालू करायची नाही. खडू पावसात पुसला जाईल म्हणाल तर ऑइल पेंटचा ठिपका द्या, कुणी तुमच्यावर केस करणार नाही.

हँडब्रेक ओढायचा नाही. ढकलून झालं की परत पहिल्या गिअरमध्ये टाकायची आणि चाकाला पुढून-मागून विटा लावायच्या. का ते पुढच्या एका पत्रात येतंय, तिथे एकजण अनुभव घेऊन बसलेत.

बॅटरीचा मायनस काढून ठेवा, दहा नंबरचा पाना पुरतो. मायनसच आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला की फटकन ठिणगी उडते, मायनस सुटलेला असला की टेकला तरी काही होत नाही. लावताना उलटं, मायनस शेवटी. पण त्याच्या आधी एक गोष्ट आज संध्याकाळीच करून बघा, ड्रायव्हरच्या दाराला किल्ली घालून हाताने फिरवून बघा. रिमोटच्या जमान्यात ते कुलूप वर्षानुवर्षं कुणी फिरवलेलं नसतं, आतून गंजून घट्ट झालेलं असतं. बॅटरी काढली की रिमोट चालणार नाही, दार उघडणार नाही, आणि बोनेट उघडायचा खटका आत. मग ऑक्टोबरात जेटलॅगच्या डोळ्यांनी गाडीभोवती फेऱ्या.

कव्हरचं माझं मत बऱ्याच लोकांना पटत नाही तरी सांगतो. ओपन पार्किंगला पावसाळ्यात ते चकचकीत प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. खाली वाफ धरते, वाऱ्याने फडफडून धुळीसकट घासतं आणि सहा महिन्यांनी कव्हर काढल्यावर बोनेटवर ढगांसारखे पांढरे डाग. त्यापेक्षा गाडी स्वच्छ धुऊन, वाळवून, हाताने वॅक्स लावून उघडी ठेवलेली बरी. वर झाड असेल तर मात्र जागा बदलून मागा, कावळे आणि वर्षावृक्ष दोघंही दयामाया करत नाहीत. आणि वायपरच्या खाली काचेजवळ जी जाळी असते ना, तिथला पाचोळा महिन्यातून एकदा कुणाला तरी काढायला सांगा. पाणी जायची भोकं तिथेच असतात, ती तुंबली की पाणी आत येतं, थेट डॅशबोर्डखाली.

इन्शुरन्सची तारीख बघून जा. ऑगस्टमध्ये संपत असेल तर आत्ताच भरा. संपल्यावर ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, इतक्या वर्षांचा जमवलेला.

प्रश्न : दोन महिने हरिद्वार-ऋषिकेश आणि मग बहिणीकडे डेहराडूनला राहून परत आलो, गाडी चालू होते पण हलतच नाही! गिअर टाकून क्लच सोडला की मागून बसते आणि बंद पडते. कुणी चाकाला लॉक लावलंय का बघितलं, तेपण नाही. (वारजे)

उत्तर : लॉक तुम्हीच लावून गेलात दादा, हँडब्रेक ओढून. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात, आत लायनर असतात ते हँडब्रेकने ड्रमला घट्ट चिकटून बसतात, दोन महिने पावसाची ओल मिळाली की मध्ये गंज धरून ते जणू वेल्डिंग केल्यासारखे होतात. बहुतेक लोक अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबून जोरात उडवायला बघतात, ते करू नका. क्लचचा वास येईल आणि एखाद्या वेळी लायनरचं रबरासारखं मटेरियल पट्टीवरून उखडून येईल. मेकॅनिक बोलवा, तो चाक काढेल, ड्रमवर चारी बाजूंनी लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने ठण् ठण् करेल आणि मग एकदा असा कट्ट आवाज येईल की इमारतीतले लोक गॅलरीत येतील. तो आवाज आला की समजायचं सुटला. सुटल्यावर लायनर बघून घ्या, साफ करा, लगेच लांब निघू नका. पहिले दोन-चार ब्रेक मारताना पुढच्या डिस्कचा गंज खरडल्याचा आवाज येईल, तो थोड्या वेळात जातो, घाबरायचं काही नाही.

प्रश्न : काका, माझी मुलगी माँट्रियलला आहे, ती डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येतेय ती ५ मार्चलाच परत जाईल. तिने मागच्या वर्षी तिथे जुनी गाडी घेतलीये, ती बिल्डिंगबाहेर उघड्यावर राहील. तिथे उणे वीस-पंचवीस होतं म्हणे. तिला काय सांगू? तिला गाडीतलं काही कळत नाही आणि मलाही. (सदाशिव पेठेतली एक आई)

उत्तर : ताई, मी बर्फ बघितला तो मनालीत, तोही चपला घालून. पण माझा भाचा तिकडे बरीच वर्षं आहे आणि त्याच्या गाडीची काळजी व्हिडिओ कॉलवर मीच करतो, त्यामुळे सांगू शकतो. तिकडचं गणित आपल्या उलट आहे, ओलीपेक्षा गोठण्याची भीती जास्त.

पहिली बॅटरी. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे पन्नासलासुद्धा गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे सात ते दहाच्या आसपासच गोठते, कारण चार्ज उतरला की आतलं आम्ल पातळ होत होत जवळजवळ पाणीच उरतं. गोठली की फुगते, कवच तडकतं. म्हणून उतरू द्यायची नाही. सोपं म्हणजे निघायच्या आधी बॅटरी काढून पूर्ण चार्ज करून आत कोरड्या जागी ठेवायची. आजूबाजूला प्लग असेल तर तिकडे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर सहज मिळतो, तो लावून गाडीतच ठेवली तरी चालते.

दुसरं कूलंट. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय आहे आणि पुण्यात ते खपूनही जातं. तिकडे तेच पाणी गोठून नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं तर सुमारे उणे ३७पर्यंत गोठत नाही. जुनी गाडी घेतलीये म्हणता, म्हणजे आधीच्या मालकाने आत काय ओतलंय देव जाणे, तिला कुठल्याही गॅरेजमध्ये कूलंट तपासून मागायला सांगा, दोन मिनिटांचं काम असतं. काच धुवायच्या टाकीतपण साधं पाणी नको, उणे चाळीसचं मिळतं तेच.

तिसरं मीठ. तिकडे रस्त्यावर बर्फ वितळायला मीठ टाकतात आणि ते खालून पत्रा खातं. गाडी उभी करायच्या आधी खालून प्रेशरने धुऊन घ्यायची आणि मग थोडी फिरवून वाळवूनच लावायची, ओली लावली तर दारांचे रबर आणि ब्रेक सगळं जागच्या जागी गोठेल. दारांच्या रबरांना सिलिकॉनचा हात फिरवला तर मार्चमध्ये दार ओढताना रबर हातात येत नाही. हँडब्रेक तिकडेही नाही, फक्त कारण वेगळं, इथे गंज आणि तिथे बर्फ. टाकी तिकडेही फुल, वायपर काचेवरून उचलून ठेवायचे.

आणि एक गोष्ट तिच्या तारखांमुळे सांगतो. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च थंडीचे टायर कायद्याने लागतात. ती पाच मार्चला पोचणार आणि सहाला गाडी काढणार, म्हणजे दहा दिवसांसाठी का होईना टायर हिवाळ्याचेच हवेत. निघतानाच ते बसवून जायचं, म्हणजे आल्यावर धावपळ नाही. इन्शुरन्स रद्द करायचा मोह होईल, करू नको म्हणा. उभ्या गाडीपुरतं चोरी-आगीचं कमी हप्त्याचं कव्हर तिकडे मिळतं, कंपनीला फोन करून तेवढं मागायचं.

प्रश्न : उंदीर!!! तीन महिन्यांत दोनदा वायरिंग खाल्लं, दुसऱ्यांदा तर नुसतं बिलच बघून मला चक्कर आली. आता मे महिन्यात माहेरी जाणार, गाडी दीड महिना उभी. तंबाखू ठेवू का डांबराच्या गोळ्या? (बिबवेवाडी)

उत्तर : वहिनी, एक प्रसंग सांगतो. एकदा एकांनी गाडी आणली, एसीतून वास येतो म्हणून. बोनेट उघडलं तर बॅटरीच्या मागे एक छान गोल घरटं होतं, त्यात नारळाच्या शेंड्या, फुलवाती, बाकरवडीच्या पाकिटाचे बारीक तुकडे आणि बोनेटच्या आतल्या फोमचा गादीसारखा थर, आणि बाजूलाच, अगदी व्यवस्थित, मालकांनी ठेवलेली तंबाखूची पुडी. तीपण घरट्याला टेकू म्हणून वापरली होती. तेव्हापासून तंबाखू म्हटलं की मी हसतो.

वासाचे सगळे उपाय आठ-दहा दिवस चालतात. स्प्रे, गोळ्या, पेपरमिंट, सगळं. वास उडाला की उंदीर हजर, शिवाय गोळ्यांचा वास एसीतून तुमच्याच डोक्यात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात त्यामुळे त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं, वायर चविष्ट आहे म्हणून नाही, समोर आहे म्हणून. विष तर अजिबात नको, तो खाऊन नेमका डॅशबोर्डच्या आत जाऊन मरतो आणि मग अख्खा डॅशबोर्ड उघडायची पाळी.

चालतं ते असं. कचऱ्याच्या डब्यांपासून लांबची जागा. गाडीत बिस्किटाचा चुरा, मुलांच्या सीटखालचे शेंगदाणे, टिश्यू काहीच ठेवायचं नाही, व्हॅक्यूम करून घ्यायचं. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक तारेची जाळी आणून एअर फिल्टरच्या तोंडाला आणि केबिनला हवा जाते तिथे मेकॅनिककडून बसवून घ्यायची. पार्किंग बंदिस्त असेल तर बोनेट थोडं उघडं ठेवा, उंदराला अंधार आणि आडोसा हवा असतो, उजेड आणि वारा आला की त्याची घर करायची इच्छा जाते. चाकाशेजारी साधा पिंजरा, वॉचमनला रोज बघायला सांगून. सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली की तीही वाट बंद, पण मग स्टिअरिंगला एक लाल रिबन बांधा, नाहीतर परत आल्यावर घासणी विसरून सेल्फ माराल.

प्रश्न : बेसमेंट पार्किंग आहे, त्यामुळे पावसाळ्यात गाडी सुरक्षित ना? दोन महिने बाहेरगावी. (सिंहगड रोड)

उत्तर : सिंहगड रोडवर राहून हे विचारताय? २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला आणि एकतानगरीत सकाळी लोक उठले तेव्हा गाड्या पाण्यात होत्या. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने तर गाड्या वाहून नेल्या. नदी, ओढा जवळ असेल तर बेसमेंट नको, चार महिने वरची जागा मागून घ्या नाहीतर उंचावरच्या नातेवाइकांकडे लावा. आणि किल्ली गावातल्याच कुणाकडे तरी द्या, बरोबर घेऊन जाऊ नका. पाणी चढायला लागलं तर काढणारा माणूस हवा. ऑटोमॅटिक असेल आणि बॅटरी काढलेली असेल तर ती 'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगच्या गिअरमध्ये, अडकून बसते, ढकलताही येत नाही, हेही त्या माणसाला माहीत पाहिजे.

पाणी शिरलंच तर एकच नियम, सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, मध्ये पाणी, कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसती भिजलेली गाडी दुरुस्त होते, भिजल्यावर चालू करून बघितलेली गाडी फार महागात जाते. आणि "फक्त एकदा बघितलं होतं" हे इन्शुरन्सच्या सर्व्हेअरला इंजिन उघडलं की दिसतंच.

प्रश्न : ईव्ही आहे. तीन महिने ऑनसाइट चाललोय. फुल चार्ज करून प्लग लावून ठेवू? (बाणेर)

उत्तर : नको. ५०-६० टक्क्यांवर ठेव आणि प्लग काढ. शंभरवर किंवा शून्याजवळ लिथियमची बॅटरी महिनोन् महिने ठेवणं तिला मानवत नाही. आणि लोक विसरतात की ईव्हीमध्येपण साधी बारा व्होल्टची बॅटरी असते, ती मेली की मोठ्या बॅटरीत कितीही चार्ज असला तरी गाडी उठतच नाही, तेव्हा तिचं काय करायचं ते मॅन्युअलमध्ये वाच. उठसूट अॅप उघडून गाडी कशी आहे बघत बसू नको, प्रत्येक वेळी ती जागी होते आणि थोडं खाते.

प्रश्न : सीएनजी आहे, वेगळं काही? (चिंचवड)

उत्तर : शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, मग डिकीतल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, दर तीन वर्षांनी असते, तारीख मध्येच येत नाही ना बघा. बाकी सगळं वर कोथरूडवाल्यांना सांगितलं तेच.

प्रश्न : बाबांची जुनी कार्ब्युरेटरवाली स्कूटर आहे, वर्षातून दोनदा चालवतो. दर वेळी शंभर किका. (नारायण पेठ)

उत्तर : ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेल. वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट वार्निशसारखा थर राहतो, तो त्या केसाएवढ्या जेटमध्ये बसला की किका मारून पाय दुखतो, बाकी काही होत नाही. आणि साइड स्टँडवर नाही, मेन स्टँडवर.

प्रश्न : काका, आमच्या ह्यांची गाडी दोन वर्षं खालीच उभी आहे. ते गेल्यापासून कुणी हात लावला नाही. मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणतो आता काहीतरी कर, विकून टाक. मला गाडी येत नाही. परवा पुतण्या आला होता तो म्हणाला मी किल्ली मारून बघतो, मी नको म्हटलं. बरोबर केलं ना? (कर्वेनगर)

उत्तर : अगदी बरोबर केलंत ताई. दोन वर्षं उभ्या गाडीला एकदम किल्ली मारायची नसते. टाकीत दोन वर्षांचं पेट्रोल आहे, ते आधी काढून टाकायला हवं. ऑइल खाली बसलेलं असतं, तेही बदलायचं. बॅटरी संपलेलीच असणार, ती नवीनच घ्यावी लागेल, दुसऱ्या गाडीची वायर लावून उठवायच्या भानगडीत पडू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१७ असेल तर २०१७च्या तेविसाव्या आठवड्यातला. सात-आठ वर्षांच्या पुढे गेला असेल आणि कडेला बारीक भेगा असतील तर त्याच्यावर रस्त्यावर जायचं नाही. ब्रेक ऑइल बदलायचं, बेल्ट बघायचे, एअर फिल्टर उघडून आत कुणी राहायला आलंय का बघायचं. मग इंजिन सुरू. ओळखीचा मेकॅनिक हे सगळं एका दिवसात, तुमच्या पार्किंगमध्ये येऊन करेल. हा खर्च विकायची असली तरी करा. चालू गाडीचे आणि बंद गाडीचे भाव यात फार फरक पडतो, आणि बंद गाडी बघितली की घेणारे अर्ध्या किमतीला मागतात, वर उपकार केल्यासारखं बोलतात.

कागद आधी जमवा. गाडी अजून यजमानांच्या नावावर असेल तर विकायच्या आधी ती वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, त्याला मृत्यू दाखला, आरसी, इन्शुरन्स हे लागतं. मुलगा सुट्टीला येईल तेव्हा त्याच्याकडून हे आरटीओचं काम उरकून घ्या, त्याच्या मागे लागा. आरसीवर पंधरा वर्षांची तारीख जवळ आली असेल तर तेही त्याच फेरीत बघायला सांगा.

विकायची की ठेवायची याची घाई करू नका, चालू झालेली गाडी चार महिने थांबू शकते. फक्त मेकॅनिक यायच्या आदल्या दिवशी डिकी आणि पुढचा कप्पा तुम्ही स्वतः रिकामा करा, एकट्याने, सावकाश. चष्म्याचं घर, टोलच्या पावत्या, छत्री, जे निघेल ते वर घेऊन या आणि मग त्याला किल्ली द्या.